ओढेल हो, पण पेलेल का? पिकअप आणि फिफ्थ-व्हीलची जोडी जुळवताना

पिकअपचं चालकाकडचं दार उघडा आणि दार ज्या खांबाला टेकतं तिथे वाकून बघा. एक पांढरं-पिवळं स्टिकर दिसेल. टायरचं माप, हवेचा दाब असं बरंच काही त्यावर असतं, पण आपल्या कामाची ओळ एकच: माणसं आणि सामान मिळून वजन अमुक पौंडांच्या वर कधीही जाऊ नये. त्या आकड्याचा फोटो काढून ठेवा. अमेरिकेत राहणारे, फिफ्थ-व्हील ट्रेलर मागे जोडून देश फिरायची स्वप्नं बघणारे मराठी मित्र मला फोन करून विचारतात, 'अरे, आपला ट्रक एवढं धूड ओढेल का?' मी आधी हा फोटो मागतो.

कारण प्रश्न ओढण्याचा नाहीच. आजकालचे मोठे पिकअप ओढतात, आणि चांगले ओढतात. प्रश्न आहे पेलण्याचा. या दोन शब्दांत जो फरक आहे, तोच हा सगळा विषय आहे. तो नीट न कळल्यामुळे माणसं लाखभर डॉलरची खरेदी चुकीची करतात आणि मग बायकामुलांना घेऊन तीच जोडी डोंगरातून उतरवतात. म्हणून जरा सविस्तर लिहितो.

आधी हा ट्रेलर म्हणजे काय ते. ट्रकमागे जोडायचं, चाकांवरचं घरच. साधा ट्रेलर ट्रकच्या मागच्या बंपरखाली, गोळ्याला अडकवतात. फिफ्थ-व्हीलचं नाक उंच असतं आणि ते ट्रकच्या हौद्यावर येतं. नाकाखाली दोन इंच जाडीची पोलादी खुंटी असते, तिला किंगपिन म्हणतात. ती हौद्यात बसवलेल्या जाडजूड हिचच्या जबड्यात अडकते. हा हिच मागच्या ॲक्सलच्या बरोबर वर किंवा किंचित पुढे असतो. नाव घोडागाडीच्या काळातलं आहे. चार चाकांच्या बग्गीत पुढचा आस वळावा म्हणून त्याच्या डोक्यावर एक आडवी लोखंडी कडी असायची, आसाचा सांधा त्या कडीवर फिरायचा. ते पाचवं चाक. पुढे मालवाहू ट्रकवाल्यांनी ती रचना उचलली आणि नाव तसंच राहिलं.

आता ओढणं आणि पेलणं. मला हे अमेरिकेत कुणी शिकवायच्या आधी सांगली जिल्ह्यातल्या आमच्या गावात कळलं होतं, फक्त तेव्हा ते ट्रकचं आहे हे माहीत नव्हतं. दोन चाकांची बैलगाडी भरणं ही कौशल्याची गोष्ट होती. पोती आसाच्या मागे जास्त गेली की गाडी उलाळ व्हायची. जू वर उचललं जायचं, बैलांच्या गळ्याखालचे पट्टे आवळायचे आणि चढाला गाडी मागे झुकायची. पुढे जास्त भरली की सगळा भार मानेवर, दोन-तीन फेऱ्यांत बैलांचे खांदे सुजायचे. आजोबा गाडी भरून झाली की बैल जुंपायच्या आधी जू हाताने उचलून बघायचे. थोडं जड लागलं पाहिजे, फार नाही. मग एखादं पोतं पुढे, एखादं मागे. बेंदराच्या आदल्या दिवशी खांदेमळणी व्हायची तेव्हा लोणी-हळद लावताना ते बैलांचा खांदा बोटांनी चाचपायचे, वर्षभर गाडी कशी भरली गेली ते तिथे कळायचं.

फिफ्थ-व्हीलमध्ये ट्रक हा बैल आणि किंगपिन हे जू. त्या जुवावर जो भार येतो त्याला पिन वेट म्हणतात. बंपरला अडकवलेल्या ट्रेलरचा साधारण १० ते १५ टक्के भार ट्रकवर येतो. फिफ्थ-व्हीलचा १५ ते २५ टक्के येतो, आणि भरलेल्या मोठ्या ट्रेलरला २० ते २३ टक्के धरून चालावं असं माझं मत आहे. हा भार ट्रकच्या पाठीवर बसतो, म्हणजे दारावरच्या त्या आकड्यातून वजा होतो. चालक, शेजारी बसलेली माणसं, मागच्या सीटवरची मुलं, हिच, हत्यारांची पेटी, कुत्रं, सगळं त्याच आकड्यातून जातं.

त्या आकड्याला पेलोड म्हणतात. तो येतो कुठून, तर ट्रकची कमाल मर्यादा वजा रिकाम्या ट्रकचं वजन. कमाल मर्यादेला सगळे जीव्हीडब्ल्यूआर म्हणतात. ट्रक, माणसं, सामान आणि पिनचा भार, एवढं सगळं मिळून त्याच्या आत बसलं पाहिजे. याशिवाय पुढच्या आणि मागच्या ॲक्सलची वेगळी मर्यादा असते, तीही दाराच्याच खांबावर दुसऱ्या स्टिकरवर लिहिलेली असते. आणि ट्रक-ट्रेलर मिळून एकत्र वजनाची एक मर्यादा असते. जाहिरातीत जो मोठा आकडा झळकतो, तो टो रेटिंगचा, म्हणजे ट्रक किती वजन ओढू शकतो त्याचा. तो बहुतेक या शेवटच्या, एकत्र मर्यादेतून निघतो.

टो रेटिंग खोटं असतं असं मी म्हणत नाही. त्यामागे चांगलं काम आहे. पूर्वी प्रत्येक कंपनी आपापल्या पद्धतीने आकडा ठरवायची. मग अमेरिकेतल्या वाहन अभियंत्यांच्या संस्थेने, एसएईने, जे२८०७ नावाचं प्रमाण बनवलं. टोयोटाने २०११ च्या मॉडेलपासून ते पहिल्यांदा पाळलं, बाकीच्या कंपन्या नंतर आल्या. त्यात एक चाचणी ॲरिझोनातल्या डेव्हिस डॅमच्या चढावरची आहे. बुलहेड सिटीजवळून वर जाणारा, ११ मैलांहून थोडा जास्त लांबीचा रस्ता, कडक उन्हाळा, एसी पूर्ण चालू, मागे कमाल वजन. मागे एकेक चाक असलेल्या पिकअपने ताशी ४० मैलांच्या खाली यायचं नाही, मागे दुहेरी चाकं असतील तर ३५ च्या खाली नाही. म्हणजे इंजिन तापत नाही, गिअरबॉक्स जळत नाही, चढावर गाडी दमत नाही, याची खात्री होते. पण हे गणित ट्रकमध्ये दोन माणसं, प्रत्येकी १५० पौंडांची, एवढं धरून केलेलं असतं. तुमची दोन मुलं, आजी, मागच्या सीटवर रचलेल्या बॅगा त्यात नाहीत. ती चाचणी इंजिनाच्या छातीची आहे. पाठीचं काय ते दारावर लिहिलेलं आहे.

आता आमचीच गोष्ट सांगतो, कारण आकडे समोर असले की डोक्यात बसतं. वजनं पौंडांत देतो, तिकडचे सगळे काटे आणि स्टिकरं पौंडांत असतात. एक पौंड म्हणजे साधारण ४५४ ग्रॅम.

टेक्सासात आम्ही एक जुना तीन-चतुर्थांश टन वर्गातला डिझेल पिकअप घेतला होता. चार दारांचा, फोर बाय फोर, देखणा. जीव्हीडब्ल्यूआर १०,०००, दारावरचा पेलोड २,१५०. मग ट्रेलर पसंत पडला. कोरडं वजन ११,३००, कमाल वजन १४,०००. माहितीपत्रकात पिनचा भार १,९५०. विकणाऱ्याने ट्रकचं टो रेटिंग बघितलं, १८,००० च्या आसपास होतं. म्हणाला, ट्रेलर कमाल भरला तरी चार हजार पौंड शिल्लक. पेलोडचं मी विचारलं, तर १,९५० हे २,१५० च्या आत आहे की. तो मुद्दाम फसवत होता असं मला आजही वाटत नाही. त्याला ओढण्याचंच गणित शिकवलेलं होतं.

त्या १,९५० मध्ये दोन गोष्टी लपलेल्या होत्या. एक, ट्रकमध्ये कोणी बसणारच नाही आणि हिचही लावायचा नाही असं धरलं तरच तो २,१५० च्या आत. आम्ही चौघं मिळून ४८०, हिच १५०, हत्यारं आणि जॅक वगैरे १००. झाले ७३०. म्हणजे ट्रेलर कोरडा असतानाच आम्ही ५३० पौंडांनी वर. दुसरी गोष्ट त्याहून मोठी: १,९५० हा कोरड्या ट्रेलरचा पिनभार. पाणी नाही, गॅस नाही, बॅटऱ्या नाहीत, एक चमचाही आत नाही.

कोरडा ट्रेलर कोणी कुठे नेत नाही. अमेरिकन गॅलनभर पाणी ८.३४ पौंडांचं, म्हणजे ६० गॅलनची टाकी भरली की ५०० पौंड. आणि मराठी घर चाकांवर चढलं की काय काय चढतं ते आपल्याला माहीत आहे. पाच लिटरचा कुकर, बिडाचा तवा, पोळपाट-लाटणं, मिक्सर, बासमतीचं २० पौंडांचं पोतं, ज्वारीचं पीठ, डाळींचे डबे, लोणच्याच्या बरण्या, घडीच्या खुर्च्या, मुलांच्या सायकली. एकेक वस्तू हलकी. पण फिफ्थ-व्हीलमध्ये सामान ठेवायची सगळ्यात मोठी जागा नाकाच्या अगदी मागे, पोटात असते. झोपायची खोली आणि कपाटं नाकातच असतात. गॅसच्या टाक्या आणि बॅटऱ्याही बहुतेक पुढेच. म्हणजे तुम्ही जे भरता त्यातलं बरंचसं जुवाच्या बाजूला भरता. म्हणून ट्रेलरचं वजन जितक्या प्रमाणात वाढतं त्याहून पिनचा भार जास्त वाढतो. माहितीपत्रकातल्या पिनच्या आकड्यावर मी काडीचाही विश्वास ठेवत नाही. ट्रेलरचं कमाल वजन घ्यायचं आणि त्याचे २३ टक्के काढायचे. १४,००० चे झाले ३,२२०. हा आकडा धरून ट्रक बघायचा.

पहिल्याच फेरीत काहीतरी बरोबर नाही हे जाणवलं. अपघात झाला नाही, टायर फुटला नाही. संध्याकाळी समोरून येणाऱ्या गाड्या आम्हाला डिपर मारत होत्या. आमचे दिवे खाली होते, पण ट्रकची पाठ इतकी बसली होती की ते लोकांच्या डोळ्यांत जात होते. पेट्रोल पंपावर मागच्या टायरच्या भिंतीला हात लावला आणि पटकन मागे घेतला. पुढच्याला लावला, तो कोमट होता. बायको म्हणाली, 'आता वजन केल्याशिवाय पुढे जायचं नाही.' आम्ही गेलो नाही.

अमेरिकेतल्या मोठ्या ट्रक-थांब्यांवर कॅट स्केल नावाचे काटे असतात. १९७७ पासून ही कंपनी आहे आणि साध्या पिकअपवाल्यालाही तिथे वजन करता येतं, दोन जेवणांच्या पैशांत काम होतं. साखर कारखान्यावर उसाची गाडी काट्यावर घेतात तसंच, फक्त इथे एका रांगेत वेगवेगळे पाट असतात. ट्रकची पुढची चाकं पहिल्या पाटावर, मागची दुसऱ्यावर, ट्रेलरची तिसऱ्यावर. खांबावरचं बटण दाबून आतल्या माणसाशी बोलायचं, उतरायचं, पावती घ्यायची. मग ट्रेलर बाजूला सोडून एकटा ट्रक पुन्हा काट्यावर. त्याच दिवशी दुसऱ्यांदा केलं तर स्वस्तात होतं. ही दुसरी फेरी टाळू नका, तिच्याशिवाय पिनचा भार कळत नाही.

आमच्या पावत्या अशा होत्या. एकटा ट्रक, आम्ही चौघं, हिच आणि सामान धरून: पुढे ४,९००, मागे ३,६८०, एकूण ८,५८०. ट्रेलर जोडून: पुढे ४,९४०, मागे ६,५६०, ट्रेलरची चाकं १०,५००, एकूण २२,०००.

आता वजाबाकी. २२,००० मधून ८,५८० गेले, ट्रेलर १३,४२० चा. ट्रेलर जोडलेला असताना ट्रकच्या दोन ॲक्सलवर मिळून ११,५००, त्यातून ८,५८० गेले, पिनचा भार २,९२०. टक्केवारी जवळजवळ २२. माहितीपत्रकात १,९५० लिहिलं होतं.

ट्रकची मर्यादा १०,०००, आम्ही ११,५०० वर. पंधराशे पौंड, म्हणजे जवळजवळ ६८० किलो जास्त. पण मला जास्त धडकी भरली ती मागच्या ॲक्सलची. मर्यादा ६,२००, भार ६,५६०. आणि मागचे दोन टायर, पूर्ण ८० पौंड हवा भरलेली असताना, प्रत्येकी ३,१९५ पेलणारे. दोघांचे मिळून ६,३९०. म्हणजे टायरच्या भिंतीवर जे कोरलेलं आहे त्याच्याही वर आम्ही टेक्सासच्या उन्हात ताशी ६५ मैलांनी चाललो होतो. तो गरम टायर मला तेच सांगत होता. ट्रेलर कमाल वजनाच्या आत होता. एकत्र वजन मर्यादेत होतं. इंजिनाने एकदाही कुरकुर केली नव्हती. ओढणं उत्तम चाललं होतं.

इथे अनेक जण एक उपाय सुचवतात: मागच्या स्प्रिंगला मदतीला हवेच्या पिशव्या बसवून घे. त्या बसवल्या की पाठ सरळ होते, दिवे खाली येतात, गाडी डुलत नाही, बघायला सगळं छान दिसतं. पण ॲक्सल तोच, बेअरिंग तीच, टायर तेच, ब्रेक तेच, आणि दारावरचा आकडा तोच. बसलेली पाठ निदान दिसते तरी. मर्यादेच्या आत असलेल्या ट्रकला त्या पिशव्यांनी आराम मिळतो, त्यासाठी जरूर घ्या. मर्यादा ओलांडलेल्या ट्रकला त्या घालून लांबच्या प्रवासाला निघू नका, हे मी हात जोडून सांगतो.

दुसरा उपाय सुचवतात तो आणखी वाईट: सामान मागे भर, पिनचा भार कमी होईल. होतो. पण पुन्हा ती उलाळ गाडी आठवा. जुवावर भार हवाच. तो असतो म्हणून ट्रेलरचं नाक ट्रकला धरून राहतं आणि मागचा भाग वाऱ्यात, ट्रकांच्या झोतात डुलत नाही. फिफ्थ-व्हील रस्त्यावर इतकं शांत चालतं त्याचं कारणच हे आहे, भार मागच्या ॲक्सलच्या डोक्यावर येतो. बंपरवाल्या ट्रेलरला तो ॲक्सलच्या चार-पाच फूट मागे येतो आणि तिथून तरफेसारखा ट्रकची शेपटी हलवतो. पंधरा टक्क्यांच्या खाली गेलात तर तुम्ही फिफ्थ-व्हीलचा मुख्य गुणच घालवून बसता. पिनचा भार हा दोष नाही, तो पेलायला योग्य पाठ शोधायची असते.

तर पाठ कुठली? अमेरिकेत पिकअपचे तीन घरगुती वर्ग आहेत: अर्धा टन, पाऊण टन, एक टन. फोर्डचे एफ-१५०, एफ-२५०, एफ-३५०. रॅम आणि शेव्हरोलेचे १५००, २५००, ३५००. ही टनांची नावं जुन्या काळची आहेत, आज त्यांचा खऱ्या पेलोडशी संबंध उरलेला नाही, म्हणून नावावर जाऊ नका. अर्ध्या टनाच्या चार दारी ट्रकचा पेलोड बहुधा १,४०० ते १,९०० च्या दरम्यान सापडतो. 'अर्ध्या टनाला चालेल' अशी पाटी लावून विकले जाणारे छोटे फिफ्थ-व्हील असतात. त्यातला ८,००० पौंडांचा भरलेला ट्रेलर घ्या: २० टक्के म्हणजे १,६००, वर चौघं माणसं आणि हिच. गणित तुम्हीच करा. दोघंच नवरा-बायको, हलका ट्रेलर आणि जास्त पेलोडचं खास पॅकेज घेतलेला ट्रक असेल तर जमतं. एरवी नाही.

पाऊण टनातली गोम मात्र फार थोड्यांना माहीत असते. या वर्गातल्या अनेक ट्रकची मर्यादा १०,००० वर अडकवलेली असते, कारण त्याच्या वर गेलं की वाहन सरकारी वर्गीकरणात पुढच्या वर्गात जातं. आता त्याच ट्रकमध्ये डिझेल इंजिन घेतलं, तर ते पेट्रोलच्या इंजिनापेक्षा कित्येकशे पौंडांनी जड. मर्यादा तीच, ट्रक जड, म्हणजे पेलोड कमी. हजारो डॉलर जास्त मोजून माणूस डिझेल घेतो, ओढायची ताकद वाढते आणि पेलायची घटते. चार दारं, फोर बाय फोर, उघडणारं छत, पायऱ्या, प्रत्येक चैन त्याच आकड्यातून कापली जाते. म्हणून शेजाऱ्याच्या त्याच मॉडेलवरून अंदाज बांधू नका. प्रत्येक ट्रकचं स्टिकर त्या एका ट्रकचं असतं. वापरलेला ट्रक घेताना तर पहिल्या मालकाने नंतर काय काय बसवलंय तेही वजा करा.

बारा-चौदा हजारांच्या ट्रेलरला एक टनच लागतो. त्यातही मागे एकेक चाक की दुहेरी चाकं, ज्याला तिकडे डुअली म्हणतात, हा निर्णय असतो. एकेरी चाकांच्या एक टनी ट्रकमध्ये ४,००० च्या आसपास पेलोड मिळू शकतो. आमची गरज ३,२२० अधिक ७३०, म्हणजे ३,९५०. जेमतेम. डुअलीत साडेपाच हजारांपर्यंत सहज जाता येतं, मागे चार टायर असतात, एक फुटला तर शेजारचा सावरायला असतो, आणि रुंद पायामुळे वाऱ्यात गाडी स्थिर राहते. त्रासही आहे: गावात पार्किंग मिळत नाही, ड्राइव्ह-थ्रूमध्ये मागची ढोपरं घासतात. ज्यांना वर्षातून दोनदाच ट्रेलर न्यायचा आहे त्यांना मी डुअली घ्या म्हणणार नाही, लहान ट्रेलर घ्या म्हणेन.

म्हणूनच क्रम महत्त्वाचा. आधी ट्रेलर ठरवा, मग ट्रक. बहुतेक जण ट्रक आधी घेऊन बसतात, आम्हीही तेच केलं, आणि मग त्याच ट्रकाला पुरेल असा ट्रेलर शोधताना आकडे आपल्या बाजूने वाकवू लागतात.

हौद्याची लांबीही बघा. आठ फुटी हौद्यात काही प्रश्न येत नाही. साडेसहा फुटी हौद्यात काटकोनात वळताना ट्रेलरच्या नाकाचा कोपरा ट्रकच्या मागच्या काचेवर येऊ शकतो. त्यासाठी मागे सरकणारा हिच मिळतो, पण तो जड असतो, आणि ते वजनसुद्धा पेलोडमधूनच. ट्रेलर ट्रकच्या मागे समपातळीत उभा राहतो का तेही बघायचं. आताचे फोर बाय फोर इतके उंच असतात की ट्रेलरचं नाक वर जातं आणि त्याचा मागचा ॲक्सल जास्त भार खातो.

चढाचं फार सांगत नाही. कोलोरॅडोत आय-७० वर आयझेनहॉवर बोगदा ११,१५८ फुटांवर आहे. टर्बो नसलेल्या इंजिनाची ताकद दर हजार फुटांना साधारण ३ टक्क्यांनी घटते, म्हणजे तिथे पोचेपर्यंत तिसरा हिस्सा गेलेला असतो. डिझेलला टर्बोमुळे त्याची झळ फारशी लागत नाही. पण चढावर हळू गेलात तर फक्त उशीर होतो.

उताराचं सांगतो. बोगद्यातून पश्चिमेला बाहेर पडलं की सिल्व्हरथॉर्नपर्यंत आठेक मैल सलग तीव्र उतार आहे. ट्रक-ट्रेलर मिळून दहा हजार किलो खाली धावत असतात. आपल्याकडे खंडाळ्यात जुने ट्रक ड्रायव्हर सांगायचे, ज्या गिअरमध्ये घाट चढशील त्याच गिअरमध्ये उतर. तोच नियम इथे धरा, आताच्या ताकदवान ट्रकला तर त्याहूनही खालचा गिअर लागू शकतो, आणि गिअर उतार सुरू व्हायच्या आधी टाकायचा, मधे नाही. डिझेल पिकअपमध्ये एक्झॉस्ट ब्रेक असतो. एक्झॉस्टची वाट आवळून इंजिनच गाडीला मागे धरतं आणि पायाच्या ब्रेकला फारसा हात लावावा लागत नाही. पेट्रोलपेक्षा डिझेल घ्यावं असं मला वाटतं ते याच एका कारणासाठी, चढासाठी नाही. ट्रेलरला स्वतःचे विजेचे ब्रेक असतात, ट्रकच्या डॅशबोर्डवरून त्यांची पकड कमी-जास्त करता येते. निघण्याआधी मोकळ्या जागेत ताशी २० मैलांवर फक्त ट्रेलरचा ब्रेक दाबून बघा. तो ट्रकला मागे ओढताना जाणवला पाहिजे, चाकं घसटता कामा नयेत. ट्रेलर सुटलाच तर आपोआप ब्रेक लावणारी एक तार असते, ती ट्रकला अडकवलेली आहे ना ते दर वेळी हाताने ओढून बघा. ट्रेलरचे टायर नक्षी झिजायच्या आधी वयाने मरतात. टायरच्या भिंतीवर DOT ने सुरू होणारा क्रमांक असतो, त्याचे शेवटचे चार अंक टायर बनल्याचा आठवडा आणि वर्ष सांगतात.

आम्ही पाऊण टनी विकला आणि वापरलेला डुअली घेतला. तेव्हा एक नवीनच गोष्ट कळली. टेक्सासमध्ये ट्रक आणि ट्रेलरच्या कमाल मर्यादांची बेरीज २६,००० च्या वर गेली आणि ट्रेलर १०,००० च्या वरचा असला, की साधं लायसन्स चालत नाही, खासगी वापराचं ए वर्गाचं लागतं. जुन्या ट्रकची १०,००० आणि ट्रेलरची १४,०००, बेरीज २४,०००. डुअलीची १४,००० आणि ट्रेलरची १४,०००, बेरीज २८,०००. काट्यावर खरं वजन किती भरतं याचा इथे संबंध नाही, बेरीज पाटीवरच्या आकड्यांची होते. म्हणजे धोकादायक जोडी साध्या लायसन्सवर कायदेशीर चालत होती आणि सुरक्षित जोडीला परीक्षा द्यावी लागली. कॅलिफोर्नियात नियम वेगळा आहे, तिथे १५,००० च्या वरच्या फिफ्थ-व्हीलला ए वर्ग लागतो, १०,००० ते १५,००० ला साध्या लायसन्सवर वेगळी नोंद लागते, आणि ट्रेलर मागे असताना वेगमर्यादा ताशी ५५ मैल आहे. आपल्या राज्याचं बघून घ्या. मला परीक्षेसाठी महिनाभर अभ्यास करावा लागला, आणि खरं सांगतो, तो अभ्यास ट्रेलर घ्यायच्या आधी करायला हवा होता.

लायसन्स मिळाल्यावर पहिली फेरी त्याच काट्यावर केली. पुढे ५,१५०, मागे ७,०००, ट्रेलर १०,५००. ट्रकवर १२,१५०, मर्यादा १४,०००. दिवे रस्त्यावर पडत होते. शंभर मैलांनंतर पंपावर थांबलो तेव्हा बायकोने उतरून सहाही टायरना हात लावला. सगळे सारखेच कोमट होते. ती पावती सूर्यपडद्यामागे खोचून ठेवली आहे, आणि दर उन्हाळ्यात निघण्याआधी नवी काढतो, कारण दर वर्षी काहीतरी वाढलेलं असतं. यंदा मुलीचा कीबोर्ड आहे, ३० पौंडांचा, आणि तो तिला नाकातल्याच कपाटात ठेवायचा आहे.